गाडीवर झाडाचा चीक चिकटला? थिनरची बाटली उघडण्याआधी बोट ओलं करून पाहा

मूर्तिजापूर : उन्हाळा लागला की गाडीला सावली शोधणं हे एक कामच होऊन बसतं. तहसीलला जा, बँकेत जा नाहीतर बाजार समितीत जा, गाडी उन्हात ठेवली तर परत येईपर्यंत सीटवर बसवत नाही. शेतात तर विचारायलाच नको. धुऱ्यावरची बाभूळ नाहीतर विहिरीजवळचा कडुनिंब, तीच पार्किंग. सावली मिळते, पण संध्याकाळी घरी येऊन पाहावं तर टाकीवर, बोनेटवर, काचेवर पिवळे-तपकिरी थेंब वाळून दगड झालेले असतात. फडक्यानं निघत नाहीत, नखानं निघत नाहीत. मग जो भेटेल तो सल्ला देतो. कोणी म्हणतो पेट्रोल मार, कोणी म्हणतो थिनर, कोणी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो.

तालुक्यातल्या एका गावात असंच झालं. एका शेतकऱ्याला पेरणीच्या तोंडावर जुनी मोटरसायकल विकायची होती. बियाण्याला पैसे पाहिजे होते, गिऱ्हाईकही ठरलं होतं. गाडी महिनाभर बाभळीखाली उभी राहायची, त्यामुळे टाकीवर डिंकाचे पाच-सहा गोळे चिकटलेले. गाडी जरा चांगली दिसावी म्हणून पुतण्यानं पेंटच्या दुकानातून थिनरची बाटली आणली. "काका, एका मिनिटात निघते पाहा," म्हणाला. एका मिनिटात निघालं खरं, पण डिंक नाही, रंग निघाला. डिंकाचे गोळे जागच्या जागी आणि त्यांच्याभोवती हाताएवढा उघडा पत्रा. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, टाकीवरून हात फिरवला आणि ठरलेल्या भावातून दोन हजार कमी सांगितले.

यात पुतण्याचा दोष तेवढा नाही. बहुतेक जण हेच करतात. चूक अशी होते की झाडातून जे गळतं ते सगळं आपण एकच समजतो. त्याला चीक म्हणतो, डिंक म्हणतो आणि एकच औषध लावतो. प्रत्यक्षात आपल्या भागात गाडीवर पडणारे पदार्थ तीन-चार वेगवेगळ्या जातीचे आहेत. एकाला जे औषध चालतं ते दुसऱ्याला अजिबात चालत नाही.

डिंक पाण्याचा, चीक तेलाचा

बाभूळ, कडुनिंब, शेवगा या झाडांतून निघतो तो डिंक. तो काचेसारखा पारदर्शक, पिवळा किंवा तांबूस असतो आणि वाळला की कडक होऊन त्याला तडे जातात. पळसाचा डिंक लालभडक असतो. डिंकाचा स्वभाव जाणून घ्यायला कुठं जायची गरज नाही, घरात डिंकाचे लाडू करणाऱ्या बाईला विचारा. डिंक तुपात तळला की फुलतो, पण तुपात विरघळत नाही. तोच डिंक वाटीभर पाण्यात टाकून ठेवा, सकाळपर्यंत पाक होतो. शाळेत असताना बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून वह्या-पुस्तकं चिकटवलेली आजही पुष्कळांना आठवत असेल. म्हणजे डिंकाचं औषध पाणी. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांना तो दाद देत नाही. म्हणूनच त्या टाकीवरचा रंग गेला आणि डिंक तिथंच राहिला.

वड, पिंपळ, उंबर आणि रुई यांचा मात्र चीक. पान तोडलं की पांढरं दूध निघतं ते. या दुधात रबराचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की रबर तेवढं मागं राहतं. सुरुवातीला पांढरं, नंतर धूळ बसून काळपट होतं, नखानं ओढलं तर ताणलं जातं. याच्यावर बादलीभर पाणी ओता, काही होणार नाही. याला तेल, रॉकेल किंवा टर्पेंटाईन लागतं.

आंबा या दोघांच्या मधला आहे. कैरीच्या देठातून उडणारा चीक तेलकट आणि आम्लधर्मी असतो. अंगावर उडाला तर कातडी भाजते, हे लोणच्याच्या कैऱ्या फोडणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून तर कित्येक घरी कैऱ्या फोडण्याआधी हाताला तेल लावतात. तो रंगावर जितका वेळ राहील तितका डाग खोल जातो, त्यामुळे आंब्याच्या बाबतीत दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

आणि चौथा प्रकार, ज्याला लोक झाडाचा चीक म्हणतात पण तो झाडाचा नसतोच. कपाशीवर मावा पडला की पानं तेल लावल्यासारखी चमकतात आणि हाताला चिकटतात. शेतकरी त्याला चिकटा म्हणतात. हेच आंब्याला मोहोर आला की तुडतुडे करतात. झाडाचा रस पितात आणि उरलेलं साखरेचं पाणी खाली टाकतात. गाडीवर सगळीकडे बारीक बारीक शिंतोडे दिसले, मोठा थेंब एकही नाही, तर समजा ही किड्यांची करामत आहे. साखरच ती, कोमट पाण्यानं निघते. पण तशीच राहू दिली तर पानांवर येते तशी काळी बुरशी तिच्यावर धरते आणि मग घासावं लागतं. पावसाळ्याच्या तोंडाला कडुनिंबाखाली पडणाऱ्या पिकलेल्या निंबोळ्यांचा गरही याच वर्गातला, साध्या पाण्याचा.

आता हे गाडीजवळ उभं राहून ओळखायचं कसं? झाड कोणतं होतं ते आठवत असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर बोट ओलं करा आणि त्या थेंबावर मिनिटभर हलक्या हातानं फिरवा. थेंब बुळबुळीत झाला, बोटाला चिकटायला लागला, तर तो डिंक किंवा साखर. काहीच झालं नाही, आधी होता तसाच रबरासारखा राहिला, तर तो चीक. बस, एवढीच परीक्षा. हिच्यामुळे पुढची अर्धी मेहनत वाचते.

व्हिडिओतला स्पिरिटचा उपाय इथं का चालत नाही

मोबाईलवर सर्वात जास्त दिसणारा उपाय म्हणजे स्पिरिट किंवा हॅंड सॅनिटायझर. कोरोनाच्या काळातल्या बाटल्या अजून घरात पडून आहेत, म्हणून लोक तेच लावून पाहतात. हा उपाय खोटा नाही. पण तो ज्या देशांतून आला तिथं गाड्या चीड, देवदारासारख्या झाडांखाली उभ्या राहतात. त्या झाडांतून गळते ती राळ. राळ पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. आपला बाभळीचा डिंक बरोबर याच्या उलट, पाण्यात विरघळतो आणि स्पिरिटमध्ये नाही. उलट स्पिरिट डिंकातलं पाणी ओढून घेतं आणि तो आणखी कडक होतो. व्हिडिओवाल्याचं झाड वेगळं, आपलं वेगळं, भांडण एवढंच आहे.

सातपुड्याच्या बाजूला सालईची झाडं आहेत. तिच्यातून निघणाऱ्या पदार्थात डिंक आणि राळ दोन्ही असतात, धुपासाठी जाळतात तोच. तिकडं जाणाऱ्यांच्या गाडीवर तो पडला तर आधी पाणी आणि उरलेल्याला थोडं स्पिरिट, असं दोन्ही लागतं. बाकी मूर्तिजापूरच्या काळ्या रानात स्पिरिटचं काम फारसं पडत नाही.

काढायचा कसा

पहिली गोष्ट, गाडी सावलीत घ्या आणि पत्रा थंड होऊ द्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशाच्या आसपास फिरतो, उन्हातल्या पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. त्यावर टाकलेलं पाणी काम करण्याआधीच उडून जातं. सकाळची वेळ सर्वात चांगली.

दुसरी गोष्ट, आधी धूळ धुऊन काढा. डिंकात माती अडकलेली असते. कोरडं फडकं घेऊन घासलं की ती माती पॉलिश पेपरसारखी चालते. डिंक निघतो, पण बाजूला गोल गोल ओरखडे राहतात आणि ते डिंकापेक्षा जास्त दिसतात.

डिंकासाठी जुनी सुती बनियन किंवा धोतराचा तुकडा घ्या. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, जरा पिळा आणि थेंबावर ठेवून द्या. उन्हाळ्यात फडकं पाच मिनिटांत वाळतं, म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी पसरवा. वीस मिनिटं हात लावू नका. मग उचलून पाहा, वरचा थर जेलीसारखा झालेला असेल. तो पुसून घ्या आणि पुन्हा ओलं फडकं ठेवा. महिन्याभराचा जुना गोळा असेल तर तीन-चार वेळा करावं लागतं. लोक इथंच कंटाळतात. पहिल्यांदा ठेवून अर्धा निघाला की उरलेला चाकूनं खरवडतात आणि रंगाची वाट लागते. चहा घ्या, जनावरांना पाणी दाखवून या, डिंक तोवर आपोआप मऊ होतो. शेवग्याचा डिंक बाभळीइतका लवकर विरघळत नाही, नुसता फुगतो. पण फुगला की सुटतो, आपल्याला तेवढंच पाहिजे.

उकळतं पाणी ओतू नका. जुन्या रंगाला बारीक तडे असतात, त्यात ते शिरलं की रंगाचे पापुद्रे उचलतात.

चिकासाठी आधी घरातलं गोडं तेल लावा आणि दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. ताजा असेल तर तेवढ्यावर अंगठ्यानं लोटला की गोळा होऊन येतो. जुना असेल तर फडक्याच्या टोकाला थोडं रॉकेल घ्या आणि फक्त त्या थेंबावर धरा, गाडीवर ओतू नका. रॉकेल आता रेशनवर पूर्वीसारखं मिळत नाही. ते नसेल तर पेंटच्या दुकानातलं टर्पेंटाईन किंवा ट्रॅक्टरच्या टाकीतलं दोन थेंब डिझेल चालतं. दोन-तीन मिनिटांत चीक सुटतो. त्यानंतर शॅम्पूची एक पुडी पाण्यात टाकून ती जागा लगेच धुवा, नाहीतर तेलकटपणा राहतो आणि त्यावर दुप्पट धूळ बसते. आंब्याच्या चिकालाही हाच क्रम, तेल आणि मग शॅम्पू. कपड्याची पावडर मात्र टाळा. तिच्यातला सोडा जुन्या रंगाची उरलीसुरली चमकही नेतो.

इथं आपल्या भागाची एक खास अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. कित्येक गावांत बोअरचं, विहिरीचं पाणी खारं. त्या पाण्यानं डिंक भिजवायला हरकत नाही, पण शेवटचं धुणं त्याच पाण्यानं करून गाडी तशीच वाळू दिली तर पांढरे डाग उमटतात. जिथं रंग उडालेला आहे तिथं हे मीठ गंज धरायला मदत करतं. म्हणून शेवटी नळाचं गोडं पाणी, तेही तांब्याभरच, फडक्यावर घेऊन पुसून काढावं आणि लगेच कोरडं करावं. प्यायलाच गोडं पाणी पुरत नाही तिथं गाडीला कुठून, हे खरंच आहे. तिथं निदान खारं पाणी वाळू न देता पुसून घ्यावं.

जुन्या गाडीचा रंग म्हणजे वहीचं पान

नवीन गाडीला कंपनीत रंगावर एक पारदर्शक थर देतात, क्लिअर कोट म्हणतात तो. थोडं घासलं गेलं तरी तो झीज सोसतो. तरीही कंपनीचा सगळा रंग, आतल्या प्रायमरपासून वरच्या थरापर्यंत, साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. वहीच्या एका पानाएवढा. पंधरा वर्षं ऊन खाल्लेल्या आणि वर्षाला दोन-चार वेळा घासलेल्या गाडीवर त्यातलं किती उरलं असेल, अंदाज करा.

त्यातही बऱ्याच जुन्या गाड्यांवर कंपनीचा रंग राहिलेलाच नसतो. मोटरसायकलची टाकी, गाडीचा दरवाजा, ट्रॅक्टरचं बोनेट कधीतरी पेंटरकडून रंगवून घेतलेलं असतं. पेंटर लोक ज्याला ड्युको म्हणतात तो एन.सी. रंग नुसतं थिनर उडून गेल्यानं वाळतो. म्हणजे दहा वर्षांनंतरही त्यावर थिनर लावलं की तो पुन्हा पातळ होतो. त्या शेतकऱ्याच्या टाकीवर हेच झालं. ट्रॅक्टरला बहुधा ब्रशनं इनॅमल मारलेला असतो. तो रॉकेल थोडा वेळ सहन करतो, पण थिनरनं सुरकुततो आणि पेट्रोलनं मऊ पडतो.

म्हणून काहीही लावण्याआधी न दिसणाऱ्या जागी करून पाहा, सीटखाली किंवा साईड पॅनेलच्या आतल्या बाजूला. पांढऱ्या फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तिथंच थांबा आणि फक्त पाणी, तेल, शॅम्पू एवढ्यावरच भागवा.

सगळं निघाल्यावरही कधी कधी थेंबाच्या आकाराचा फिकट डाग राहतो. तो वर चिकटलेला नसतो, रंगातच उतरलेला असतो. त्याच्यामागं रबिंग कंपाउंड घेऊन फार लागू नये. हलक्या हातानं एकदा फिरवावं, गेला तर गेला. डाग असलेला रंग पत्र्याला पाण्यापासून वाचवतो, घासून गेलेला रंग काहीच वाचवत नाही.

काही जागा अशा आहेत जिथं रॉकेल-डिझेलसुद्धा नको. हेडलाईट आणि इंडिकेटरच्या काचा या काचा नसून प्लॅस्टिक असतं. पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांनी त्यांना बारीक तडे जातात आणि रात्री उजेड धूसर पडतो. तिथं ओलं फडकंच. सीटचं रेक्झिन आणि दरवाज्याची रबर पट्टी यांनाही साबणाचं पाणीच चालतं. रेडियमची नावं, देवाचे स्टिकर रॉकेलनं सुटतात. पुढची खरी काच मात्र कणखर असते. तिच्यावर पाणी सोडून नवीन ब्लेड आडवं धरून डिंक खरवडला तरी चालतो, पण कोरड्या काचेवर नको. काच साफ होईपर्यंत वायपर चालवू नका, त्याच्या रबराला चीक लागला की पुढचे दोन महिने काचेवर पट्टे ओढत राहतो.

नंबर प्लेटकडे विशेष लक्ष द्यावं. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना राज्यात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बंधनकारक झाली आहे. त्यामुळे एमएच ३० आणि एमएच २७ च्या पुष्कळ जुन्या गाड्यांवर आता ती नवी प्लेट दिसते. तिच्या अक्षरांवर दाबून बसवलेली फिल्म असते. थिनरनं ती गेली तर नंबर वाचता येत नाही आणि दंड भरायची पाळी येते. प्लेटवरचा डिंक पाण्यानंच काढा, वेळ लागला तरी लागू द्या.

तेल, रॉकेल, डिझेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा टायरवर पडू देऊ नका, हे तर सांगायलाच पाहिजे. ब्रेक धरत नाही आणि ते कळतं ते थेट रस्त्यावर. पेट्रोलनं पुसणं तर पूर्ण बंद करा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली जमिनीवर पसरते. सायलेन्सर गरम असेल, बाजूला चूल पेटलेली असेल किंवा कोणी बिडी ओढत असेल, तर पुढचं सांगायची गरज नाही.

गाडी चमकावी म्हणून डिझेलच्या फडक्यानं रोज पुसायची सवयही तालुक्यात फार आहे. दिवसभर चमकते हे खरं. पण धूळ तिथंच चिकटते, रबर फुगतं आणि रंग मंद पडतो. त्यापेक्षा वॅक्स पॉलिशची छोटी डबी आणून दोन-तीन महिन्यांतून एकदा लावली तर डिंक सरळ रंगावर बसत नाही, वरच्या वर सुटतो. उन्हाळा लागण्याआधी एकदा लावलं तरी फरक पडतो. प्लॅस्टिकची ताडपत्री गाडीवर टाकून झाडाखाली ठेवणं बरोबर नाही, आत वाफ धरते. सुती कव्हर बरं, मात्र धूळ असलेल्या गाडीवर ते वाऱ्यानं घासलं जाणार नाही असं बांधावं. गाडीसाठी झाड तोडायचा विचार काही जण करतात. पण फांद्यांचा घेर पाहून गाडी चार हात बाजूला लावली, तरी दुपारी सावली मिळते आणि डिंक पडत नाही. बाभळीचा डिंक बहुतेक खोडाला आणि जाड फांद्यांना पडलेल्या चिरांतून गळतो. त्या फांदीखाली उभं राहू नये एवढंच.

ज्यांचा रंग आधीच गेला आहे त्यांनी पावसाळ्याची वाट पाहू नये. उघड्या पत्र्यावर पहिल्या दोन-चार सरींतच लाल गंज येतो. गंज आला असेल तर बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून तेवढी जागा घासा, गोड्या पाण्यानं पुसा, पूर्ण वाळू द्या आणि त्याच दिवशी रेड ऑक्साईड मारा. वखराला, ट्रॉलीला मारतात तोच. रंगाचा हात नंतर, पैसे आले की मारला तरी चालतो. पेट्रोलच्या टाकीवर हे करताना टाकी काढून, झाकण घट्ट बंद ठेवून, उघड्यावर करा.

त्या शेतकऱ्यानंही शेवटी हेच केलं. डिंकाचे उरलेले गोळे ओलं फडकं ठेवून निघाले, उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साईडचा हात बसला. दोन हजार कमी घेऊन गाडी द्यायची नाही असं ठरवून त्यानं बियाणं उधारीवर उचललं. लाल ठिगळ असलेली ती मोटरसायकल अजून त्याच्याकडेच आहे. फक्त उभी असते ती आता बाभळीखाली नाही, बैलांच्या कोठ्याच्या टिनाखाली.